परदेशी निधीच्या प्रकल्पाचा मूल्यमापन अहवाल विश्वासार्ह आहे हे कसं ओळखायचं?

बेळगावच्या चोवीस तास पाणी योजनेसारख्या, जागतिक बँकेच्या कर्जातून झालेल्या प्रकल्पांचे अहवाल कसे पारखावेत, असं तुम्ही विचारलंय. सारांश बाजूला ठेवा आणि थेट परिशिष्टं उघडा. घरं कशी निवडली, प्रश्नावली कोणत्या भाषेत होती, हे तिथं सापडायला हवं. सीमाभागात याला फार महत्त्व आहे. वडगाव-शहापूरकडच्या मराठी घरात फक्त कन्नडमधून विचारलं, तर बाई "बरं आहे" म्हणून मोकळी होते. नळ किती वाजता येतो, घागरी अजून भरून ठेवाव्या लागतात का, हे निघतच नाही.

दुसरं, तुलना. "आधी असं होतं, आता असं" एवढ्यावर भागत नाही. हुबळी-धारवाडमध्ये संशोधकांनी अखंड पाण्याचे वॉर्ड आणि बाकी बाबतींत तसेच, पण ठरावीक वेळीच पाणी येणारे वॉर्ड ताडून पाहिले. पाच वर्षांखालच्या मुलांतला एकूण अतिसार घटलेला दिसला नाही. गरीब घरांत रक्ती हगवण मात्र कमी होती. असा गैरसोयीचा निष्कर्षही छापणाऱ्या अहवालावर माझा जास्त विश्वास बसतो.

ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेचे मूल्यमापनासाठीचे १९९१ चे पाच निकष २०१९ मध्ये सुसंगतता धरून सहा झाले. सहाही मथळे दिसले म्हणून भुलू नका. टिकाऊपणाखाली देखभालीचा खर्च पुढं कोण उचलणार हे लिहिलंय का, ते बघा. आणि मूल्यमापन करणाऱ्याला पैसे कुणी दिले, तेही.