रुळावरचं साल स्टेशनाला चिकटवू नका

तुमचा तो खांबाचा फोटो बघितला आणि पोटात गोळाच आला. येडशीच्या पुढे रानात पडलेलं बार्शी लाइट रेल्वेचं, म्हणजे आपल्या जुन्या छोट्या गाडीचं स्टेशन, समोर रूळ उभा पुरून केलेला खांब, त्यावर उठावात १९०२, आणि तुम्ही विचारताय की 'स्थापना १९०२' असा फलक ग्रामपंचायतीकडून करून घेऊ का. नका करू.

हाच उद्योग मी १९९६ साली केलाय. माझं आजोळ तडवळ्याच्या पुढे, लातूरच्या अलीकडे. तिथल्या स्टेशनाच्या कुंपणाला असाच रुळाचा खांब होता, चुन्याचे थर चढलेला. नाण्याने खरवडून, वर खडू घासून आकडे काढले तर १८९६. म्हणजे शंभरी भरली की! गावात बोंब ठोकली, वर्गणी काढली. छोट्या गाडीच्या इंजिनाला झेंडूचे हार, ड्रायव्हर-गार्डला फेटे, अख्ख्या डब्याला पेढे, आणि पाचशे स्मरणिका छापल्या.

खात्री करायला एका कचेरीत गेलो होतो, नाही असं नाही. तीन खेपा 'साहेब दौऱ्यावर' यातच गेल्या. चौथ्या खेपेला तिथल्या बाबूने माझ्याच अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून दिला आणि म्हणाला, "झालं तुमचं काम." तो शिक्का मला दुजोरा वाटला. होती नुसती पोच! स्मरणिकेत मात्र 'रेल्वे दप्तरी नोंद' असं ठोकून दिलं. बाबूला दोष देऊन किती देणार, शिक्क्याखालची तीन अक्षरं मीही वाचली नव्हती.

दोन महिन्यांनी कुर्डुवाडीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले एक आजोबा लग्नाला आले, त्यांच्या हाती स्मरणिका पडली. म्हणाले, "कुर्डुवाडी ते बार्शी पहिली गाडी १८९७ ला धावली. तुमच्या गावाला त्याच्या आधी एक वर्ष स्टेशन? गाडी काय आभाळातून उतरत होती?" भर मांडवात.

रुळावरचं साल हे तो कारखान्यात तयार झाल्याचं साल. पुढे तो कुठे टाकला, कधी काढला याच्याशी त्याचा संबंध नाही. कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअर साहेबाची ही अडीच फुटी लाइन चाकांच्या दर जोडीमागे पाच टन वजन धरून आखलेली, त्यामुळे रूळ हलके. झिजलेले किंवा बदललेले रूळ टाकून कोण देतंय? त्यांचे कुंपणाचे खांब, छपराच्या तुळया झाल्या. तुमचा १९०२ फार तर एवढंच सांगतो, की हा खांब त्याआधीचा नाही. बार्शीहून तुमच्या अंगाला लाइन तडवळ्यापर्यंत गेली १९०७ ला आणि लातूरला पोचली १९११ ला. म्हणजे १९०२ ला तुमच्या स्टेशनात गाडी यायला रूळच नव्हते. आणि लाइन सुरू झाली त्याच दिवशी मधलं प्रत्येक स्टेशन उघडलं असंही धरू नका, काही थांबे मागाहून येतात.

आता खरी मेख. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात, बार्शी इंग्रजी मुलखात, आणि कंपनी खाजगी, तीही लंडनची. सरकारने ती ताब्यात घेतली १ जानेवारी १९५४ ला. त्यामुळे आजच्या रेल्वेकडे १९११ चे कागद मागणं म्हणजे भाडेकरूकडे वाड्याच्या मूळ मालकाची पत्रिका मागण्यासारखं आहे. मला हे कळायला सहा वर्षं लागली. जमिनीच्या कागदांसाठी हैदराबादचं दफ्तर आणि गावची जुनी दप्तरं बघा. उर्दू वाचणारा माणूस आधी गाठा.

आणि फसली सन, म्हणजे निजामाच्या महसुली कागदांवरचं साल, विसरू नका! आमच्या थोरल्या मामांकडे रेल्वेत गेलेल्या जमिनीचा कागद होता, त्यावर १३१८. मी तो सर्व्हे नंबर समजून बाजूला ठेवला. ५९० मिळवा, १९०८-०९ येतं. खांबावरचा आकडा साल म्हणून मिरवला, आणि जो साल होता तो पेटीत पडून राहिला. खरी शंभरी २०११ च्या आसपास भरली. तोवर ब्रॉडगेज झाली होती आणि आमचं स्टेशन त्यातून गळालं होतं. तुमचं तर लाइन धाराशिवकडे वळवल्यामुळे बाजूला पडलं, म्हणून निदान इमारत तरी शिल्लक आहे.

माहिती अधिकारात अर्ज करणार असाल तर 'स्थानकाचा संपूर्ण इतिहास द्यावा' असं लिहू नका. मी लिहिलं होतं. 'अशी माहिती उपलब्ध नाही' एवढीच एक ओळ आली. कागदाचं नाव घेऊन मागा: जमिनीचा नकाशा, स्टेशन बंद केल्याचा आदेश, अमुक सालचं वेळापत्रक. जुन्या छापील वेळापत्रकांचे लागोपाठचे अंक मिळाले तर सोनंच. एका अंकात नाव नाही आणि पुढच्यात आहे, तर मधल्या काळात स्टेशन उघडलं. शोधताना कुर्डुवाडी सापडली नाही तर 'बार्शी रोड' बघा, जुनं नाव तेच.

मी इतिहासकार नाही, बँकेत खर्डेघाशी केलेला माणूस आहे. माझा अनुभव एका स्टेशनापुरता, तेव्हा जाणकारांनी चुकलं तिथे कान धरावा. पण फलकाच्या बाबतीत मी हट्टी आहे. साल पक्कं नसेल तर सालाशिवाय फलक लावा. 'बार्शी लाइट रेल्वेचे जुने स्थानक' एवढं पुरे. संगमरवरावर तर नकोच. आमच्याकडे १८९६ मधला ९६ छिन्नीने काढायला गेलो आणि दगडच तडकला.

खांब मात्र माझ्यासारखा खरवडू नका. अंधार पडल्यावर बाजूने बॅटरी धरा, अक्षरं आपोआप उठून दिसतात. मागच्या बाजूला कारखान्याचं नाव असेल, त्याचाही फोटो टाका.