पीएलसी तयार असताना एचएमआयची मांडणी कुठून सुरू करावी?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे : यंत्र चालवणाऱ्या पीएलसीचा, म्हणजे औद्योगिक नियंत्रक संगणकाचा, प्रोग्राम तयार आहे, एचएमआयचे, म्हणजे ऑपरेटरच्या स्क्रीनचे, सॉफ्टवेअर बसवून झाले आहे, मॉडबस टीसीपी या नेटवर्कवरच्या संदेशपद्धतीने दोघांची जोडणीही झालेली दिसते, तरीही स्क्रीनवरचे काही आकडे चुकीचे येतात, काही शून्यावरच राहतात. अशा वेळी आधी सर्व स्क्रीन पूर्ण कराव्यात की हा घोळ निस्तरावा, असे आपण विचारले आहे.

स्क्रीनचे काम आत्ताच थांबवा, असे माझे स्पष्ट मत आहे. एचएमआयच्या कामात चित्रे काढणे हा सर्वांत सोपा भाग असतो आणि म्हणूनच सगळे जण तिथून सुरुवात करतात. खरे काम टॅगच्या, म्हणजे पीएलसी आणि एचएमआयमध्ये देवाणघेवाण होणाऱ्या नाव दिलेल्या मूल्यांच्या, यादीत असते. प्रत्येक टॅगपुढे त्याचा पत्ता, डेटा टाइप, एकक, किमान व कमाल मर्यादा आणि तो टॅग कोण लिहिणार, पीएलसी की ऑपरेटर, हे नोंदवा. शेवटचा रकाना बहुतेक याद्यांमध्ये नसतो. एकाच रजिस्टरमध्ये, म्हणजे पीएलसीच्या स्मृतीतल्या एकाच घरात, दोघेही लिहू लागले, तर ऑपरेटरने भरलेला सेटपॉइंट (अपेक्षित मूल्य) क्षणात पुसला जातो आणि दोष विनाकारण नेटवर्कवर ढकलला जातो.

आता आपल्या चुकीच्या आकड्यांकडे वळू. मॉडबसमध्ये हे दोन कारणांनी वारंवार घडते. पहिले कारण पत्त्याचे आहे. दस्तऐवजात ज्याला ४०००१ म्हटलेले असते, ते होल्डिंग रजिस्टर प्रत्यक्ष संदेशात ० या पत्त्याने मागितले जाते. एचएमआयचे काही ड्रायव्हर, म्हणजे हे संदेश पाठवणारे सॉफ्टवेअर, हा फरक स्वतः सांभाळतात, काही सांभाळत नाहीत. त्यामुळे वाचन एका घराने सरकते आणि शेजारच्या रजिस्टरचा आकडा दिसू लागतो. शेजारचा आकडा पुष्कळदा खरा वाटण्याजोगा असतो, म्हणून ही चूक मी सर्वांत धोकादायक मानतो.

दुसरे कारण शब्दांच्या क्रमाचे आहे. मॉडबसचे एक रजिस्टर १६ बिटांचे असते. ३२ बिटांची दशांश संख्या, म्हणजे फ्लोट, दोन रजिस्टरांत विभागून ठेवावी लागते. त्यांपैकी वरचा भाग आधी की खालचा, हे मॉडबसचे मानक ठरवून देत नाही. प्रत्येक उत्पादक आपापल्या पद्धतीने ठरवतो. याची परीक्षा घेताना पीएलसीमध्ये १ किंवा ५० असा सुटसुटीत आकडा ठेवू नका. ५०.० या संख्येचे दोन भाग १६९६८ आणि ० असे पडतात. ते उलटे वाचले तर मिळणारी संख्या इतकी सूक्ष्म असते की स्क्रीनवर शून्यच दिसते आणि माहिती येतच नाही असा समज होतो. आपल्याला दिसणारी शून्ये बहुधा याच जातीची असावीत. त्याऐवजी १२३.४५६ ठेवून पाहा. क्रम बरोबर असेल तर तीच संख्या दिसेल, उलटा असेल तर प्रचंड मोठी ऋण संख्या दिसेल. मग ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये शब्दांची अदलाबदल करणारा पर्याय बदलला की झाले. ऋण पूर्णांकांसाठी साइन्ड टाइप निवडला आहे का, तेही तपासा. नाहीतर उणे १ च्या जागी ६५५३५ दिसतो.

ॲनालॉग सिग्नलचे स्केलिंग, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या आकड्याचे खऱ्या एककात रूपांतर, मात्र एकाच ठिकाणी, शक्यतो पीएलसीमध्येच करा. तिथे एक आणि एचएमआयमध्ये दुसरे गणित राहिले, तर उद्या सेन्सरचा पल्ला बदलताना एक जागा हमखास विसरली जाते.

वेगाबद्दल थोडक्यात. मॉडबसच्या एका मागणीत जास्तीत जास्त १२५ रजिस्टर वाचता येतात. म्हणून एचएमआयला लागणारे सर्व टॅग पीएलसीमध्ये सलग पत्त्यांवर आणून ठेवावेत. विखुरलेले राहिले तर मागण्या वाढतात आणि स्क्रीन मंदावते.

बटणांबाबत अधिक सावध राहावे लागते. दाबल्यावर बिट १ आणि सोडल्यावर ०, अशी मोमेंटरी रचना करणे सोपे असते. पण बटण दाबलेले असतानाच संपर्क तुटला तर ० लिहिलाच जात नाही आणि मोटर चालूच राहू शकते. एचएमआयने फक्त विनंतीचा बिट १ करावा. पीएलसीने इंटरलॉक, म्हणजे सुरक्षिततेच्या अटी, तपासून कृती करावी आणि तो बिट स्वतःच पुसावा. जॉगसारखी, बोट दाबून ठेवेपर्यंतच चालणारी हालचाल स्क्रीनवर देऊच नये. तिथे वायरने जोडलेले बटण हवे. इमर्जन्सी स्टॉपही स्क्रीनवर कधीच नसावा. सेटपॉइंटच्या मर्यादा एचएमआयमध्ये घाला, पण त्याच मर्यादा पीएलसीनेही पुन्हा तपासल्या पाहिजेत.

त्याबरोबर एक हार्टबीट टॅग ठेवा. पीएलसी तो दर सेकंदाला वाढवील. काही सेकंद तो बदलला नाही तर एचएमआयने संपर्क तुटल्याची ठळक सूचना द्यावी. ही सोय नसेल तर काही स्क्रीनवर शेवटचा आकडा तसाच गोठून राहतो आणि ऑपरेटर त्यालाच खरा मानतो.

एवढे पक्के झाल्यावर स्क्रीनकडे या. पार्श्वभूमी फिकट राखाडी ठेवा, लाल रंग केवळ अलार्मसाठी राखून ठेवा आणि रंगाबरोबर चिन्ह किंवा मजकूरही द्या, कारण काहींना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयएसए-१०१ या मानकात स्क्रीनच्या रचनेची शिस्त मांडली आहे. अलार्मसाठी आयएसए-१८.२ पाहावे; त्याचा गाभा असा की ज्यावर ऑपरेटरने वेळेत काही करणे आवश्यक आहे, तोच अलार्म. मोटर सुरू झाली, बॅच पूर्ण झाली, या गोष्टी घटनांच्या नोंदीत जाव्यात.

चाचणी घेताना यंत्र सुरक्षित स्थितीत ठेवून नेटवर्कची केबल मुद्दाम काढा, एचएमआय पॅनेलचा वीजपुरवठा बंद करून पुन्हा द्या, आणि प्रत्येक वेळी यंत्र काय करते व स्क्रीन काय सांगते ते टिपून ठेवा. शेवटी मूळ प्रोजेक्ट फाइल, सॉफ्टवेअरच्या नेमक्या आवृत्तीच्या नोंदीसह, दोन वेगवेगळ्या ठिकाणी जतन करा; अनेक पॅनेलांमधून परत घेतलेली रनटाइम फाइल, म्हणजे पॅनेलवर चालणारी तयार आवृत्ती, संपादित करता येत नाही.