पट्टा चालवण्याआधी

पाचपाखाडी, ठाणे

अगं पोरी,

रविवारी तलावपाळीवर तू म्हणालीस, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तुम्ही तिघं दांडपट्ट्याचा मल्टिप्लेअर गेम करणार. तोंडात पाणीपुरी होती म्हणून मी नुसती मान डोलावली. आता सविस्तर लिहितो.

कोडला हात लावण्याआधी 'मोर्डहाऊ' खेळ. स्लोव्हेनियातल्या ट्रायटर्नियन नावाच्या छोट्या चमूने किकस्टार्टर या वेबसाइटवर लोकांकडून पैसे गोळा करून केलेला हा तलवारबाजीचा गेम एप्रिल २०१९मध्ये आला. तेव्हा एका मैदानात चौसष्ट माणसं. पण चौसष्टांच्या आकड्याने हुरळून जाऊ नकोस, तुम्हाला आठ पुरेत.

तलवारीच्या गेमचा जीव एका प्रश्नात असतो: वार किती दिशांनी करता येतो? 'फॉर ऑनर'मध्ये तीन, 'माउंट अँड ब्लेड'मध्ये चार. 'मोर्डहाऊ'त माउस जिकडून ओढशील तिकडून. आणि खरी गंमत पुढेच आहे. वार सुटल्यावरही पातं तुझ्याच ताब्यात असतं. वाराच्या दिशेनेच अंग वळवलंस तर ते लवकर पोचतं. उलट वळलीस तर रेंगाळतं, त्याला खेळाडू 'ड्रॅग' म्हणतात. समोरच्याने घाईने अडवायला तलवार वर केली, खाली घेतली, आणि मग तुझं पातं पोचलं. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा रात्री दीड वाजता मी खुर्चीतून उठून ओरडलो होतो. काकूने काय ऐकवलं ते लिहीत नाही.

याच ड्रॅगपायी नवीन माणूस गेम सोडूनही जातो. त्याला दिसतं काय? समोरचा गर्रकन फिरला, पाठ दाखवली, आणि आपण मेलो. अनुभवी माणसाची लढाई बघ, ती तलवारबाजी वाटतच नाही, अंगात आल्यासारखी वाटते. त्यात 'फेंट' म्हणजे हूल, 'मॉर्फ' म्हणजे मध्येच वार बदलून भोसकणं. निर्मात्यांनी आवर घालायला दम ठेवलाय: हूल दिली की दम खर्च होतो, वार हुकला तरी होतो, आणि दम संपलेला असताना वार अडवलास तर हातातलं शस्त्रच उडतं. हिशेब चोख आहे. तरी शंभर तास खेळलेला आणि काल आलेला एकाच मैदानात सोडले, तर तो हिशेब शिकेपर्यंत नवा टिकत नाही.

तुमचा पट्टा इथे वेगळा ठरू शकतो. मर्दानी खेळात पट्टा फिरवणाऱ्याचा हात कधी जवळून पाहिलायस? पोलादी खोबळा कोपरापर्यंत चढलेला असतो, मनगट जवळपास बांधलेलं. जे काही फिरतं ते कोपरातून, खांद्यातून, कमरेतून. मग मनगटाची झटपट हूल पट्ट्याला का द्यायची? ती काढूनच टाका. त्याऐवजी सलग फिरण्याला वेग मिळू दे, आणि थांबायला वेळ लागू दे. 'मोर्डहाऊ'त आपलाच वार आपल्याच गड्याला लागतो आणि गर्दीत शिव्या खाव्या लागतात. तो नियम मात्र ठेवा. लांब, लवलवतं पातं गोल फिरतंय आणि सोबत्याला जपायचंय, ही अडचण पट्ट्याची स्वतःची आहे. उसनी आणावी लागत नाही.

आता नेटवर्क. तू हे शेवटी बघू म्हणालीस, आणि तिथेच मला धास्ती वाटली. डोळ्याने पाहून बोट हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. सर्व्हर युरोपात असला तर सिग्नल जाऊन यायलाच शंभर मिलिसेकंदांच्या वर जातात, आणि ते कुठल्याही कोडने परत येत नाहीत. गोळीबाराच्या गेममध्ये हे कसंबसं झाकता येतं. तलवारीत पातं अंगाला लागलेलं एकाला दिसतं आणि दुसऱ्याला ते हातभर लांब दिसतं, की भांडण सुरू. 'फॉर ऑनर' २०१७मध्ये आला तो खेळाडूंची यंत्रं एकमेकांना जोडून. तक्रारींचा पाऊस पडला, आणि स्वतंत्र सर्व्हर यायला पुढचं वर्ष उजाडलं. मागे मोठी कंपनी होती म्हणून निभावलं. तुम्ही पहिल्या आठवड्यात दोन चौकोन आणि दोन काठ्या घ्या; एक लॅपटॉप तुझ्या कोपरखैरण्याच्या घरी, दुसरा माझ्याकडे. काठी दोन्हीकडे एकाच क्षणी लागल्याशिवाय चिलखत, फेटा, गडाचा तट यातलं काही काढायचं नाही. तुझा चित्रं काढणारा मित्र रुसेल. रुसू दे.

येत्या रविवारी ये. ट्रान्स-हार्बर लोकलला मेगाब्लॉक नाही ना, ते आधी बघ. आणि स्वतःचा माउस आण. माझ्याकडच्याचं उजवं बटण अडकतं, आणि वार अडवायचा तो त्याच बटणाने. मी सारखा हरतो ते त्यामुळेच, असं मी घरी सांगून ठेवलंय.

तुझा,
काका