परसातल्या कोंबड्या, गाजर गवत आणि वैशाखाचे ऊन

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असताना परसातले सारे रान एकदम काढून जमीन मोकळी करण्याचा तुझा बेत मला पटत नाही. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात आणि तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असते. त्यामुळे भर दुपारी चोच उघडून धापा टाकणे आणि पंख सैल सोडून बसणे, एवढाच उपाय तिच्या हाती उरतो. उघडी, तापलेली माती तिला फार जाचते. कुंपणाची टणटणी परकी आहे आणि तिचा पाला गुरांना विषारी ठरतो, तेव्हा ती काढायलाच हवी. पण तुझ्या कोंबड्या तिच्याच आडोशाला दुपार काढत असतील, तर आधी तुराट्या-पऱ्हाट्यांचा मांडव उभा कर आणि मगच तिला हात लाव.

खुराड्याच्या खिडक्यांना ओले गोणपाट लाव. विदर्भाच्या कोरड्या हवेत त्याचा खरा गारवा मिळतो, कोकणातल्या दमट हवेत तो मिळणार नाही. पाणी मातीच्या भांड्यांत, सावलीत ठेव आणि दुपारी बदल. दाणे पहाटे आणि सूर्य कलल्यावर टाक, कारण अन्न पचतानाही शरीरात उष्णता निर्माण होते. अंड्यांचे कवच पातळ झाल्याचे तू लिहिलेस. सतत धापा टाकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवचासाठी लागणारे कार्बोनेट अपुरे पडते. म्हणून शिंपल्यांचा चुरा देत असलास, तरी सावली आणि गार पाणी यांना पर्याय नाही.

तुझ्या कोंबड्या हातावरचे दाणे टिपतात, हे वाचून फार आनंद झाला. माणसाळलेली कोंबडी न पळता हाती येते, म्हणून तिची तपासणी सोपी होते. दुपारी मात्र तिला उचलू नकोस, पोरांनाही उचलू देऊ नकोस.

आता गाजर गवत. पुण्यात १९५५च्या सुमारास प्रथम नजरेस आलेले हे तण आज देशभर आहे, आणि त्याचे एकच मोठे झाड हजारो बिया टाकते. कोंबड्या ते खाऊन संपवतील, ही आशा सोड. उन्हाळ्यात पाण्याच्या भांड्यांजवळच्या ओलीत उगवलेली रोपे तेवढी काढ. खरी मोहीम पहिल्या पावसानंतरची आहे: जमीन ओली असताना, फुले येण्यापूर्वी, हातमोजे घालून आणि नाकातोंडाला फडके बांधून ती मुळासकट उपट. त्वचेला खाज आणि श्वासाचा त्रास या गवताने होतो, म्हणून या बाबतीत हयगय मला चालणार नाही. फुलावर न आलेली रोपे कंपोस्टच्या खड्ड्यात घालता येतात. मोकळ्या झालेल्या जागी लगेच टाकळ्याचे बी फेक, म्हणजे तो दाट वाढून गाजर गवताला वर येऊ देत नाही. पावसाळ्यात गाजर गवताच्या पानांवर मेक्सिकन भुंगे दिसले, तर त्यांच्यावर कीटकनाशक मारू नकोस. ते याच गवतावर जगतात आणि त्यासाठीच १९८०च्या दशकात भारतात आणले गेले.

मांडवाची उंची किती ठेवलीस, ते पुढच्या पत्रात कळव.

तुझा,
काका