मिक्सर लागू द्या

ताई, माझं वय 54. इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना ध्यानाच्या केंद्रात 2016 साली पहिलं दहा दिवसांचं शिबिर केलं. सातव्या दिवशी अंगभर सूक्ष्म संवेदनांचा धाराप्रवाह जाणवला, डोळ्यांतून पाणी आलं. नंतर आणखी तीन शिबिरं केली. घरी रोज पहाटे पाच ते सहा बसतो. मुलीचा सकाळचा डबा असतो, तरी त्या तासात घरात मिक्सरसुद्धा लागत नाही. पण आता हाती काही लागत नाही. गुडघे दुखतात, जडपणा येतो, सगळं लक्ष घड्याळाकडे. आसन घालायचीच चीड येते. एवढी वर्षं वाया गेली का? पुन्हा शिबिराला जाऊ, की सोडून देऊ?
– एक निराश साधक, नाशिक

भाऊ,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मिक्सरपाशी अडकले. अर्ध्या वाक्यात उरकलंत तुम्ही ते. डबा सकाळचा आणि पाच ते सहा मिक्सर बंद, म्हणजे चटणी साडेचारला वाटली जात असणार. तुमच्या साधनेसाठी तुमच्याही आधी घरात कुणीतरी उठतं, आणि अख्ख्या पत्रात त्या माणसाचा साधा उल्लेख नाही. याचा मला राग आला.

मज्झिम निकाय या बुद्धांच्या उपदेशांच्या पाली संग्रहात बुद्धांनी श्रावस्तीच्या वेदेहिकेची गोष्ट सांगितली आहे. बाई शांत, सोशीक, अशी गावभर कीर्ती. तिची दासी काळी कामाला चोख. एकदा काळीच्या मनात आलं, मालकिणीला राग येतच नाही, की माझं काम वेळेवर होतं म्हणून तो दिसत नाही? ती एक दिवस उशिरा उठली. दुसऱ्या दिवशी आणखी उशिरा. तिसऱ्या दिवशी वेदेहिकेनं दाराचा अडसर तिच्या डोक्यात घातला. रक्ताळलेलं डोकं घेऊन काळीनं आळीला दाखवलं. नकोसं काही कानावर पडत नाही तोवर माणूस शांतच असतो, असं बुद्ध भिक्षूंना सांगतात. मला त्या गोष्टीत कायम काळीचीच काळजी वाटत आली आहे.

प्रगती मोजायची ती समतेवर, म्हणजे मन किती स्थिर राहतं त्यावर, संवेदना सुखाची आली की दुःखाची यावर नाही, हे विपश्यनेचे आचार्य गोएंकाजी यांच्या संध्याकाळच्या प्रवचनात तुम्ही चार शिबिरांत चार वेळा ऐकलंय. तरी रोज पहाटे त्या सातव्या दिवसाची वाट बघत बसता. तो येत नाही, मग चीड येते. येणारच. आणि शिबिरातली ती शांतता तरी कुठून आली होती? शिबिरात सेवा देणारे धम्मसेवक रांधत होते, घंटा वाजवत होते, तुम्हाला फक्त आपलं ताट विसळायचं होतं. तीच शांतता तुम्ही घरी मागितलीत आणि पावती बायकोच्या झोपेवर फाडलीत.

गोएंकाजींचे गुरू सयाजी ऊ बा खिन 1948 साली स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल झाले. संसारी माणूस, सरकारी नोकरी. कचेरीतल्या माणसांना ते कचेरीतच ध्यान शिकवत.

शिबिराचा अर्ज आत्ता भरू नका. बसणं सोडूही नका. आज रात्री बायकोला सांगा, उद्यापासून तू तुझ्या वेळेला ऊठ, मी बसलेला असलो तरी मिक्सर लाव. आणि खोलीचं दार उघडं ठेवा.

पाच-वीसला तो घरघरला की तुमचा जबडा आवळेल, छातीत ऊब चढेल, श्वास आखूड होईल. हाती काही लागत नाही म्हणता ना, मग हे धरा. मनात द्वेष असेल तर द्वेष आहे असं जाणावं, असं सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या सजगतेवरच्या उपदेशात, सरळ सांगितलंय. आधी तो घालवा आणि मग बसा, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. गुडघ्यांतही हेच बघायचं होतं, पण गुडघ्यांना तुम्ही अडथळा समजत राहिलात.

पहिले काही दिवस ती मिक्सर लावणार नाही. इतक्या वर्षांची सवय आहे, धाकही असेल. पुन्हा साडेचारला घरघर ऐकू आली, तर अंथरुणात पडून राहू नका. स्वयंपाकघरात जा, भांडं तिच्या हातातून घ्या, तिला झोपायला पाठवा आणि चटणी तुम्ही वाटा. खोबरं किती, मिरच्या किती, ते आदल्या रात्रीच तिला विचारून ठेवा.