पहिल्यांदाच डबल ट्रॉली घेऊन निघतोयस, तर एवढं ऐक

संकेश्वरहून निपाणीकडे उसानं भरलेली डबल ट्रॉली, म्हणजे ट्रॅक्टरमागं एकामागोमाग दोन ट्रॉल्या, न्यायची म्हणजे मध्ये तवंदी घाट आला. सगळी काळजी त्या उतारासाठी घे, सपाट रस्त्यावर गाडी कोणीही ओढतो.

निघायच्या आधी दोन्ही ब्रेकचे पेडल एकमेकांत अडकवलेत का, हात लावून बघ. शेतात आपण ते सुटे ठेवतो, एकेका चाकावर वळायला. रस्त्यावर सुटे राहिले आणि घाईत एकच दाबला गेला, तर ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो आणि मागची ट्रॉली अंगावर येते.

मग ट्रॉली जोडायच्या हुकाची पिन. तिचं लॉक हरवलं म्हणून मी एकदा तार गुंडाळून निघालो होतो. खड्ड्यात दणका बसला, तार तुटली आणि पिन अर्धी वर आली. मागच्या पोरानं ओरडून सांगितलं म्हणून वाचलो. तेव्हापासून साखळीही लावतो, तू पण लाव.

ऊस भरताना वजन मागच्या टोकाला जाऊ देऊ नकोस. मागं जड झालं की ड्रॉबार, म्हणजे ट्रॉली जोडायचा दांडा, उचलला जातो, ट्रॉली डुलते.

उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाक. चढायला जो गिअर लागला असता, तोच उतरायलाही. क्लच दाबू नकोस, न्यूट्रल तर अजिबात नको. डिझेल वाचतं म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस गा. इंजिननंच वेग धरला पाहिजे, नुसत्या ब्रेकवर राहिलास तर ते तापून धरायचे बंद होतात.

आणि रिफ्लेक्टर उसाच्या पाल्यानं झाकलेत का, अंधार पडायच्या आधी उतरून बघ.