शुक्रवारी संध्याकाळी साइट लाइव्ह करू नकोस

अरे, नवीन आहेस म्हणून सांगतो. शुक्रवारी संध्याकाळी काही लाइव्ह करू नकोस. मी एकदा केलं आणि शनिवार-रविवार दोन्ही गेले. कारण काय, तर सीएसएसमध्ये, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, बंद करायचा राहिलेला एक महिरपी कंस! पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा गिटमध्ये, म्हणजे कोडमधले बदल जपून ठेवणाऱ्या प्रणालीत, नुसतं कमिट (बदलांची नोंद) करून थांबू नकोस, पुशही कर, म्हणजे ते सर्व्हरवर पाठव. कमिट तुझ्याच मशीनवर राहतं.

डोळ्यांसाठी दर 20 मिनिटांनी 20 फुटांवर 20 सेकंद बघ. माडाकडे बघ, मोबाइलकडे नव्हे. आणि बग, म्हणजे कोडमधली चूक, सुटेनाच, तर पणजीहून बेतीची फेरीबोट धर. मांडवी ओलांडून परत येईस्तोवर मला कितीदा तरी उत्तर सुचलंय. येताना भाजी-पाव खा.